जगाला पुरेल इतकं धान्य पिकतं, मग भूक का उरते? १,००० कोटी लोकांना शेती कशी पुरणार?

१९७४ साली जगाची लोकसंख्या ४०० कोटी होती. आज ती ८२० कोटींच्या पुढे गेली आहे. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत खाणारी तोंडं दुप्पट झाली. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०५० पर्यंत हा आकडा ९७० कोटींच्या आसपास जाईल आणि २०८० च्या दशकाच्या मध्यावर १,०३० कोटींवर पोचून हळूहळू उतरू लागेल.

एवढ्या लोकांना पुरेल इतकं अन्न पिकवता येईल का? आणि ते पिकवताना जमीन, पाणी आणि हवा पुढच्या पिढीसाठी शिल्लक राहील का? हे दोन प्रश्न नेहमी एकत्र विचारले जातात, पण त्यांची उत्तरं एकसारखी नाहीत. पहिल्याचं उत्तर बरंचसं दिलासा देणारं आहे. खरी अडचण दुसऱ्यात आहे.

आधी साधा हिशोब

जगात दरवर्षी साधारण २८० कोटी टन धान्य पिकतं. यात गहू, तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, बार्ली असं सगळं आलं. ते ८२० कोटी लोकांत सारखं वाटलं, तर माणशी दिवसाला ९०० ग्रॅमहून जास्त येतं. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाला. तुलनेसाठी, भारतात अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. शिवाय डाळी, तेलबिया, भाज्या, फळं, दूध, अंडी, मासे आणि मांस या हिशोबात धरलेलंच नाही.

तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी लोक उपाशी किंवा अर्धपोटी होते. पोट भरतं, पण डाळ, भाजी, फळं, दूध असा सकस आहार परवडत नाही, अशांची संख्या २६० कोटींच्या घरात आहे.

म्हणजे शेतात पुरेसं पिकतं आणि ताटात पुरेसं पडत नाही. मधल्या वाटेत काय होतं, ते समजलं की पुढचे उपायही समजतात.

माल्थसचं भाकीत का चुकलं?

'लोकसंख्या धान्यापेक्षा वेगाने वाढते, त्यामुळे उपासमार अटळ आहे', अशा अर्थाची मांडणी इंग्लंडमधले धर्मगुरू आणि अर्थतज्ज्ञ थॉमस माल्थस यांनी १७९८ मध्ये केली. त्या काळी उत्पादन वाढवायचं म्हणजे नवी जमीन नांगराखाली आणायची, हाच मुख्य मार्ग होता. जमीन संपली की वाढ संपली, असं वाटणं स्वाभाविक होतं.

दोन गोष्टींनी हे गणित बदललं.

पहिली गोष्ट खत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्याची पद्धत शोधली. कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात उतरवली आणि १९१३ मध्ये जर्मनीत मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. युरिया याच अमोनियापासून बनतो. आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न या कृत्रिम नत्रावर उभं आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट बियाणं. जास्त खत घातलं की जुन्या जातीचा उंच गहू ओंबीच्या भाराने आडवा पडायचा. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत बुटक्या, ताठ उभ्या राहणाऱ्या जाती तयार केल्या. १९६६ मध्ये भारताने या जातींचं १८,००० टन बियाणं मेक्सिकोहून आणलं. डॉ. एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या हवामानाला चालणाऱ्या जाती विकसित केल्या. १९६४-६५ मध्ये देशात सव्वा कोटी टनांच्या आसपास गहू पिकला होता. १९७०-७१ मध्ये तो जवळपास दुप्पट झाला.

जगभर हेच घडलं. १९६१ पासून धान्याचं उत्पादन तिपटीहून जास्त वाढलं, पण धान्याखालची जमीन साधारण १०-१५ टक्केच वाढली. उत्पादन एकरी वाढलं नसतं, तर एवढं धान्य पिकवायला अफाट जंगल तोडावं लागलं असतं. हरितक्रांतीवर टीका करताना तिची ही बाजू विसरून चालत नाही.

मग किंमत कोणी मोजली?

ही किंमत जमिनीखाली साठत गेली. भारत जगात सर्वांत जास्त भूजल उपसणारा देश आहे. पंजाबात दरवर्षी जेवढं पाणी जमिनीत मुरतं, त्याच्या दीडपटीहून जास्त उपसलं जातं. बँकेतल्या व्याजावर भागत नाही म्हणून दरवर्षी मुद्दल काढून खाल्ल्यासारखं हे आहे.

पंजाब काही परंपरेने भात खाणारा प्रदेश नाही. तिथे भात वाढला तो हमीभावाने होणारी सरकारी खरेदी आणि मोफत वीज यांमुळे. पाणी वाचवण्यासाठी राज्याने २००९ मध्ये कायदा करून भात लावणीची तारीख पुढे ढकलली. लावणी उशिरा झाली, म्हणून कापणीही उशिरा होऊ लागली. गव्हाच्या पेरणीपर्यंत हातात जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. शेत लवकर मोकळं करायला पेंढा पेटवण्याचं प्रमाण वाढलं आणि तो धूर ऐन थंडीच्या तोंडावर दिल्लीकडे सरकू लागला. एका प्रश्नावरचा उपाय दुसरा प्रश्न कसा उभा करतो, याचं हे ठळक उदाहरण.

खताचंही तसंच. पिकाला दिलेल्या नत्रापैकी मोठा भाग पीक घेतच नाही. तो पाण्यात उतरतो किंवा हवेत जातो. पाण्यातल्या नत्रामुळे तलाव शेवाळतात, विहिरींत नायट्रेट वाढतं. हवेत जाणारा नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनागणिक सुमारे २७० पट जास्त तापवणारा वायू आहे. अन्न पिकवण्यापासून ताटात पोचेपर्यंतची सगळी साखळी धरली, तर जगातल्या हरितगृह वायूंपैकी पाव ते एक तृतीयांश वाटा तिचा आहे. माणूस जेवढं गोडं पाणी वापरतो, त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला लागतं.

धान्य जातं कुठे?

पिकलेल्या धान्यापैकी निम्म्याहून कमी धान्य माणूस थेट खातो. एक तृतीयांशाहून जास्त जनावरं आणि कोंबड्या खातात. उरलेलं इंधन, स्टार्च, दारू आणि बियाण्याला जातं.

ब्रॉयलर कोंबडीचं वजन एक किलोने वाढवायला साधारण पावणेदोन किलो खाद्य लागतं. दावणीला बांधून धान्यावर पोसलेल्या, मांसासाठीच्या गुराला सहा ते आठ किलो किंवा त्याहून जास्त लागतं. जगातल्या शेतजमिनीपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त जमीन, गायरानं आणि चाऱ्याची पिकं धरून, पशुपालनासाठी वापरली जाते. पण त्यातून जगाला मिळणाऱ्या उष्मांकांपैकी २० टक्क्यांहून कमी उष्मांक येतात.

याचा अर्थ जनावरं पाळणंच चूक, असा नाही. माणदेशातली शेळी किंवा कडबा खाणारी म्हैस माणसाला न पचणाऱ्या चाऱ्यापासून दूध आणि मांस देते. जिथे पीक येत नाही अशा माळरानावर तोच एक आधार असतो. प्रश्न आहे तो श्रीमंत देशांत मुद्दाम धान्य पिकवून गुरांना घालण्याचा.

इंधनाचंही गणित वाढतं आहे. अमेरिकेत पिकणाऱ्या मक्यापैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मका इथेनॉलला जातो. भारतातही पेट्रोलमधल्या इथेनॉलसाठी मक्याला मागणी आली. भाव वाढल्याने मका उत्पादक खूश झाले, तर कोंबडीचं खाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाले तक्रार करू लागले. एकाच कणसावर आता माणूस, कोंबडी आणि गाडी असे तिघे हक्क सांगत आहेत.

नासाडी दोन ठिकाणी होते

पहिली नासाडी शेत ते बाजार या वाटेवर. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लुधियानातील संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासानुसार, देशात काढणीनंतर साधारण १२ टक्के टोमॅटो आणि जवळपास १६ टक्के पेरू वाया जातो. धान्यात हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास आहे. चाळीत ठेवलेला कांदा पावसाळी हवेत सडतो, मोडावतो, सुकून वजन घटतं. पेरणी, पाणी, खत, मजुरी हा सगळा खर्च झाल्यावर माल फेकावा लागणं हे शेतकऱ्याचं दुहेरी नुकसान आहे.

या नासाडीवरचे उपाय नेहमी महागडेच असतात असं नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांसाठी चवळी साठवण्याची तीन पदरी हवाबंद पिशवी तयार केली. तोंड घट्ट बांधलं की आतला ऑक्सिजन संपतो आणि कीड मरते, औषध लागत नाही. पूर्वी किडीच्या भीतीने शेतकरी सुगीतच पडत्या भावाने माल विकायचे. आता ते चार-सहा महिने थांबू शकतात.

दुसरी नासाडी स्वयंपाकघरात, हॉटेलांत आणि दुकानांत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार २०२२ मध्ये १०५ कोटी टन अन्न फेकलं गेलं. ग्राहकांसाठी उपलब्ध असलेल्या अन्नाच्या ते १९ टक्के होतं. हे फक्त लग्नातल्या पंगती आणि बुफेंमुळे होतं, असा समज असतो. प्रत्यक्षात यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा आहे. आणि घरातली माणशी नासाडी श्रीमंत देशांत खूप जास्त आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत नगण्य, असंही दिसत नाही. फरक थोडाच आहे.

धान्य असूनही माणूस उपाशी का राहतो?

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात २० ते ३० लाख माणसं मेली. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की त्या वर्षी बंगालात धान्याची उपलब्धता इतकी घटलेली नव्हती की एवढी माणसं मरावीत. युद्धकाळात तांदळाचे भाव भडकले आणि शेतमजूर, मच्छीमार, कारागीर यांच्या मजुरीत ते बसेनात. धान्य बाजारात होतं, पण ते विकत घेण्याची ताकद लोकांत उरली नव्हती.

याच्या अगदी उलट उदाहरण महाराष्ट्रातलं आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्वारी-बाजरी करपली, विहिरी आटल्या, जनावरं गेली. त्या पिढीला लाल मिलो आणि सुकडी अजून आठवते. पण बंगालसारखे लाखो बळी गेले नाहीत. सरकारने रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, खडी फोडणं अशी दुष्काळी कामं काढली. ऐन भरात सुमारे ५० लाख माणसं या कामांवर होती. हातात मजुरी पडली आणि मजुरी होती म्हणून धान्य दुष्काळी भागाकडे आलं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेली रोजगार हमी योजना पुढे कायद्यात उतरली आणि २००५ च्या देशव्यापी रोजगार हमी कायद्याला तिचा पाया मिळाला.

आजही उपाशी लोकांत अल्पभूधारक शेतकरी आणि शेतमजूर मोठ्या संख्येने आहेत. अन्न पिकवणाऱ्याच्याच घरात अन्न कमी, ही या विषयातली सर्वांत बोचरी गोष्ट आहे.

खत बंद करणं हा उपाय आहे का?

श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात अचानक बंद केली आणि अख्खा देश सेंद्रिय शेतीकडे नेण्याचं जाहीर केलं. परकीय चलनाची टंचाई हेही त्यामागचं एक कारण होतं. पुरेसं सेंद्रिय खत तयार नव्हतं, शेतकऱ्यांना तयारीला वेळ मिळाला नाही. काही महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, बंदी मागे घ्यावी लागली. तोवर नुकसान झालं होतं. २०२२ मध्ये भाताचं उत्पादन आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने घटलं आणि भातात स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ आयात करावा लागला.

चीनने दुसरा रस्ता धरला. २००५ ते २०१५ या काळात ४५२ परगण्यांतल्या सुमारे २ कोटी छोट्या शेतकऱ्यांसोबत एक मोठा प्रयोग झाला. माती, हवामान आणि वाण पाहून खत कधी, किती आणि कोणत्या टप्प्यावर द्यायचं, याचा सल्ला हजारहून जास्त संशोधक आणि गावोगावचे कृषी कर्मचारी देत होते. मका, भात आणि गव्हाचं उत्पादन सरासरी ११ टक्के वाढलं आणि नत्राचा वापर १५ ते १८ टक्के घटला. यात एकही चमत्कारी बियाणं नव्हतं. काम झालं ते बांधावर जाऊन दिलेल्या सल्ल्याने.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. सगळ्या जगाला 'खत कमी करा' असं सांगता येत नाही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हेक्टरी खताचा वापर जागतिक सरासरीच्या पाव हिश्श्याहूनही कमी आहे आणि धान्याचं उत्पादनही हेक्टरी दीड-पावणेदोन टनांच्या आसपास अडकलं आहे. जागतिक सरासरी चार टनांच्या वर आहे. २०५० पर्यंत वाढणाऱ्या लोकसंख्येपैकी निम्म्याहून जास्त लोक याच भागात असतील. पंजाबला खत आणि पाणी कमी करावं लागेल, तर आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला दोन्ही थोडं जास्त मिळावं लागेल.

कमी पाण्यात जास्त पीक कसं येतं?

भाताच्या खाचरात सतत पाणी उभं ठेवावंच लागतं असं नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने एक सोपी पद्धत रूढ केली. भोकं पाडलेला नळीचा तुकडा शेतात रोवायचा. आतलं पाणी जमिनीच्या पातळीखाली १५ सेंटीमीटर उतरलं की मगच पुन्हा पाणी द्यायचं. फुलोऱ्याच्या काळात मात्र पाणी तोडायचं नाही. याने ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं आणि उत्पादन घटत नाही. साचलेल्या पाण्यात तयार होणारा मिथेन वायूही जवळपास निम्म्यावर येतो.

पुराच्या भागांसाठी वेगळा उपाय आहे. 'स्वर्णा सब-१' ही भाताची जात दोन आठवड्यांच्या आसपास पाण्याखाली राहूनही तग धरते. २००९ मध्ये ती भारतात प्रसारित झाली आणि ओडिशासारख्या पूरग्रस्त राज्यांत तिचा उपयोग झाला.

बुर्किना फासोमध्ये याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याने 'झाई' ही जुनी पद्धत सुधारून वापरली. पावसाआधी कडक जमिनीत खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत आणि पालापाचोळा भरायचा आणि पहिल्या पावसात तिथेच बाजरी-ज्वारी पेरायची. पाणी आणि खत दोन्ही रोपाच्या मुळाशी राहतं. ओसाड माळावर पीक आणि झाडं उभी केल्याबद्दल त्यांना २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्राचा पेच: ऊस

कृषी मूल्य आयोगाच्या अहवालांत वारंवार येणारा आकडा असा, की राज्यातल्या लागवडीच्या सुमारे ४ टक्के क्षेत्रावर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यापैकी जवळपास ७० टक्के पाणी तो पितो. 'शेतकऱ्यांनी ऊस सोडून ज्वारी लावावी', असं सांगणं सोपं आहे. पण उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि कारखाना तोडणी करून माल उचलतो. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण ती सरकारी केंद्रावर विकली जाईलच याची खात्री नसते. तूर-मुगाचा भाव आयातीच्या एका निर्णयाने कोसळू शकतो. अशा वेळी शेतकरी उसाकडे वळतो, तो हिशोब करूनच.

ठिबक सिंचनाने पाणी वाचतं, हे खरं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लागला, तर गावाच्या पाण्यात काहीच शिल्लक पडत नाही. हिवरे बाजारने याच जागी वेगळं केलं. तिथे दरवर्षी पाऊस आणि भूजल मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, प्यायचं पाणी आधी बाजूला काढलं जातं आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिकं बसतील ते ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि उसासारख्या पिकांवर गावानेच बंधन घातलं. तंत्र वापरलंच, पण त्याला मर्यादेची जोड दिली.

पुढची कसोटी

२०२२ च्या मार्चमधल्या उष्णतेच्या लाटेने उत्तर भारतातला गहू दाणा भरण्याआधीच होरपळला. युक्रेन युद्धामुळे जगात गव्हाची टंचाई असतानाच मे महिन्यात भारताने गव्हाची निर्यात थांबवली. जुलै २०२३ मध्ये बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली. जगाच्या तांदूळ निर्यातीत भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास असल्याने आफ्रिका आणि आशियातल्या आयातदार देशांत भाव चढले. इथल्या शेतकऱ्यालाही बाहेरच्या वाढत्या भावाचा फायदा मिळाला नाही. हवामान बिघडेल तसे असे निर्णय वारंवार घ्यावे लागतील.

१,००० कोटी लोकांना जेवू घालणं शक्य आहे, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी तंत्रं आजच हाताशी आहेत. नळीचा तुकडा, हवाबंद पिशवी, माती परीक्षण, पाण्याचा ताळेबंद यांपैकी एकही महाग नाही. ती शेतापर्यंत पोचतात की नाही, हे पिकाच्या भावावर, विजेच्या दरावर, सरकारी खरेदीवर आणि मजुराच्या हातात पडणाऱ्या पैशावर ठरतं. कमी पाण्याचं पीक घेणाऱ्याला जोवर तोटा आणि भूजल उपसणाऱ्याला नफा होत राहील, तोवर शेतकरी कोणतं पीक निवडेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.